तोरुनने बिअर घातली त्या नाताळात

आमच्या डोंगराच्या उतारावर माणसाला दोनदा नाव मिळतं. एकदा चर्चमध्ये, डोक्यावर पाणी शिंपडून. दुसऱ्यांदा, ज्याच्या वाट्याला शेत येतं त्याला, बिअरचा वाडगा हातात देऊन. दुसरं नाव म्हणजे शेताचंच नाव. ते मिळालं की पहिल्याची कोणाला आठवण राहत नाही. ओढ्यापलीकडचा आनफिन त्याचा बाप गेल्यापासून नुसता ‘ब्रेक्के’ झाला. दुकानात ब्रेक्के, चर्चमध्ये ब्रेक्के, मेंढ्यांच्या बाजारातही ब्रेक्के. आनफिन म्हणून हाक मारणारी त्याची बायको मांगहिल्ड तेवढी होती. ती गेल्यावर ते काम मी माझ्याकडे घेतलं, कारण मला शेताशी बोलायला आवडत नाही, माणसाशी आवडतं.

मी ब्रिता. ओढ्याच्या अलीकडे माझं घर. नवरा गेला, मुलं शहरात, आणि खिडकीतून समोर ब्रेक्केचं अंगण दिसतं. त्यामुळे त्या घरात काय चाललंय ते मला कधी विचारावं लागलं नाही.

ही हकिकत आनफिनच्या थोरल्या मुलीची, तोरुनची. लहानपणी ती माझ्याकडे विणायला शिकायला यायची. एकदा हातमोज्यांची जोडी पुरी झाली, छान झाली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पोरीने एक मोजा पार उसवून ठेवलेला. का, तर मनगटापाशी एक टाका चुकला होता. मी म्हटलं, ‘‘अगं, आतल्या बाजूला आहे तो. कोणाला दिसणार आहे?’’ तर म्हणाली, ‘‘मला माहीत आहे ना.’’ ही मुलगी पुढे स्वतःला फार छळणार, असं मी मांगहिल्डला तेव्हाच सांगितलं होतं. मांगहिल्ड हसली होती. स्वतःच्या पोरांबद्दल आयांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

ब्रेक्केच्या वरच्या कुरणातून फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राचं, पाणी दिसतं. मेंढ्यांमागे जायची ती तोरुन, आणि जहाजांकडे बघत बसायची तीही तोरुनच. शाळा संपताच ती बर्गनला जहाजावरचं शिक्षण घ्यायला गेली. मग फेरीबोटींवर नोकरी. तिच्या बोटीने मी एकदा गेले होते. वर काचेच्या खोलीत ती उभी होती, निळ्या स्वेटरमध्ये, आणि तिने मला पाहिलंसुद्धा नाही, इतकी ती समोर बघत होती. इतकी सुखी तोरुन मी त्याआधी पाहिली नव्हती. माझ्या शेजारच्या बाईला मी उगाचच सांगितलं, ‘‘ती आमची आहे.’’

आता शेताचं. पूर्वी शेत थोरल्या मुलाला जायचं. मग कायदा बदलला. थोरलं जे कोणी असेल, मुलगी का असेना, पहिला हक्क तिचा. शहरातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण माझ्या खिडकीतून तोरुन दिसत होती. तिचा धाकटा भाऊ स्टाइनार समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, बायको स्टावांगर शहरातली, तिला मेंढीचा वास सहन होत नाही. त्याने हात झटकले आणि गोड आवाजात म्हणाला, ‘‘हक्क ताईचा आहे, मी मध्ये कसा येऊ?’’ हक्क म्हणे! ते गळ्यातलं लोढणं होतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून खाली आणताना आनफिनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायचा, जीभ जड झाली पण बोलणं कळत होतं. तोरुन रजा काढून आली. मेंढ्यांची लोकर कापून होईपर्यंत राहते म्हणाली. मग बटाटे निघेपर्यंत. मग पहिला बर्फ पडेपर्यंत. प्रत्येक वेळी ती मला सांगायची आणि प्रत्येक वेळी मी मान हलवायचे. नव्या वर्षापासून तिला एका मोठ्या जहाजावर अधिकारी म्हणून जागा मिळाली होती. दक्षिण अमेरिकेपर्यंत जाणारं जहाज. अशी जागा पुन्हा मिळत नाही. तिची बॅग पलंगाखाली भरून ठेवलेली होती, आणि तिच्यातला एक एक कपडा कामासाठी बाहेर येऊन मेंढ्यांच्या वासाचा होत चालला होता.

नाताळ जवळ आला तसा बिअरचा विषय निघाला. नाताळची बिअर घरची असते, घरच्या सातूची, आणि ती शेताचा धनी घालतो. आनफिनला आता पळीसुद्धा धरता येत नव्हती. एका दुपारी मी कॉफीला गेले होते तेव्हा त्याने खुर्चीतून तोरुनला सांगितलं.

‘‘या वर्षी तू घाल.’’

‘‘बाबा, मी जन्मात कधी बिअर घातलेली नाही.’’

‘‘बघितलीस तरी आहेस ना? मी सांगतो तसं कर. एवढी एक घाल, मग जा.’’

‘‘मग जाऊ?’’

‘‘मी काय तुला बांधून ठेवलंय?’’

त्याने बांधलं नव्हतं हे खरंच. आमच्याकडे कोणी कोणाला बांधत नाही. शेजारी मोन्स आहे, त्याच्या जमिनीला ब्रेक्केची जमीन लागून. त्याच्याशी आनफिनचं आधीच बोलणं झालं होतं, आणि मोन्सच्या पोटात काही राहत नसल्यामुळे ते साऱ्या उताराला माहीत होतं. तोरुनची बिअर साधली तर ब्रेक्केला धनीण मिळाली. बिघडली तर ब्रेक्केला वारस नाही असं समजायचं, मेंढ्या विकायच्या, जमीन मोन्सला खंडाने द्यायची आणि आनफिनने खाली गावात वृद्धांच्या घरात जायचं. वेडेपणा आहे हो. पण आमच्याकडे फार वर्षांपासून असंच ठरतं. ज्याला सातूपासून बिअर काढता येते त्याला शेत सांभाळता येतं, असा हिशोब. आनफिनचंही असंच ठरलं होतं, आणि त्याच्या बापाचंही.

तोरुन मला ओढ्यापर्यंत पोचवायला आली. मी म्हटलं, ‘‘पोरी, एक बिअर म्हणजे एक बिअर नसते.’’

‘‘माहितेय, मावशी. मी जेमतेम घालणार आहे. पिण्यापुरती. तिला कोणी नावं ठेवणार नाही आणि कोणी मला नाव देणार नाही.’’

‘‘जेमतेम? तू?’’

ती हसली नाही.

जेमतेम घालणाऱ्या त्या बाईने पुढचे सगळे दिवस काय केलं ते मी खिडकीतून पाहिलं. आधी चूलघर झाडून धुतलं, अगदी आढ्यापर्यंत. मग लाकडी पिंप बाहेर ओढून उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळलं, आत डोकं घालून हुंगलं, आणि परत धुतलं. पिंप कोरडं पडून फटी पडल्या होत्या, म्हणून पाणी भरून ठेवलं, फळ्या फुगून फटी बुजेपर्यंत. तांब्याचा हंडा ताक लावून घासला. बिअरच्या पाण्यात उकळायला लागतात त्या जुनिपर झुडपाच्या फांद्या आणायला गुडघाभर बर्फातून वर गेली आणि पहिला भारा टाकून दुसरा आणला, कारण पहिल्यात सुक्या काड्या जास्त होत्या. आनफिनला खुर्चीत बसवून फांद्या दाखवल्या. तो डाव्या हाताने एकेक उचलून बाजूला काढायचा. बापलेक इतका वेळ एकत्र बसलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते, आणि मला ते बघून बरं वाटावं की वाईट, ते कळेना.

सातूला मोड आणून, वाळवून, भाजून ठेवलेलं पोतं आनफिनचं स्वतःचं होतं. झटका यायच्या आधी त्याने केलेलं शेवटचं काम. ते तिने जात्यावर भरडलं. पीठ होता कामा नये आणि दाणा अख्खा राहता कामा नये. मूठभर भरडायची, उजेडात धरून बघायची, जातं सैल करायची, परत मूठभर. मी ओढ्यावरून ओरडले, ‘‘जेमतेम चाललंय ना?’’ तिने हात हलवला आणि परत मूठ उजेडात धरली.

मग एके सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. टोपी न घालता आली होती.

‘‘मावशी, विरजण मेलंय.’’

दह्याला लागतं तसं बिअरलाही विरजण लागतं. आमच्याकडे ते घरोघरचं वेगळं असतं. लाकडी कड्यांच्या माळेवर वाळवून माळ्यावर टांगून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी माळ तशीच गोड रसात सोडायची. आनफिन आजारी पडल्यापासून ब्रेक्केच्या माळ्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

‘‘कशावरून मेलं?’’

‘‘माळेवर बुरशी आलीय. तरी एक कडी कोमट गोड पाण्यात टाकून चुलीशेजारी ठेवून बघितली. फेस नाही, बुडबुडा नाही. ढिम्म.’’

मी तिला बसवलं, कॉफी दिली. मला मनातून इतका आनंद झाला की तो लपवायला मी ब्रेड कापायला घेतला.

‘‘मग सुटलीस की. बाबांना सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘सांगूच नकोस. तीच मेलेली माळ सोड पिंपात. फसफसणार नाही, चार दिवसांत आंबून जाईल. तुझा दोष नाही, कोणाचाच नाही. मोन्सला जमीन, तुला जहाज.’’

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

‘‘मुद्दाम बिघडवू?’’ एखादं कोकरू ओढ्यात बुडवायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘तू कुठे बिघडवतेस? ती आपोआप बिघडतेय. तू फक्त बघितलंस हे विसरून जा.’’

‘‘पण मी बघितलंय ना, मावशी.’’

‘‘देवा रे!’’ मी सुरी आपटली. ‘‘तुला इथे राहायचंय का? खरं सांग.’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. डोळे भरून आले होते. ‘‘मला इथे राहायचं नाही. सकाळी उठले की पहिल्यांदा छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. बाबांचे मोजे चढवताना मी मनात जहाजावरचे दिवे मोजते. मला जायचंय. पण तो त्यांचा शेवटचा सातू आहे. मेलेलं विरजण घालून मी तो नासवू? तुझ्याकडे आहे ना? आईने दिलेलं?’’

होतं. मांगहिल्डने दिलेलं ब्रेक्केचंच विरजण दरवर्षी माझ्या बिअरमध्ये फसफसत होतं. आणि विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. बाकी सगळं नाकारता येतं शेजाऱ्याला, पण विरजण नाही. मी माळ काढून पाहिली, हुंगली. चांगली होती. नासकी असती तर बरं झालं असतं.

‘‘बिअर घालायच्या दिवशी घेऊन येते,’’ मी म्हटलं. ‘‘आता तोंड धुऊन जा घरी.’’

दारातून ती वळली. ‘‘ते सोडायचं केव्हा? रस किती गरम असताना?’’

मी तिला ब्रेडचा तुकडा फेकून मारला.

बिअरच्या दिवशी मी गेले तेव्हा चूलघर वाफेने भरलेलं होतं. आनफिन कोपऱ्यात खुर्चीवर, गुडघ्यांवर गोधडी. हंड्यात जुनिपरच्या फांद्या टाकून पाणी उकळत होतं, हिरवट पिवळं, आणि तो वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही. पिंपाच्या तळाला तिने काड्यांची जाळी रचली होती, तिच्यावर जुनिपर, वर पेंढा. म्हणजे रस गाळून खाली येईल आणि भरडा वर राहील. मग भरड्यावर ते गरम पाणी, थोडं थोडं. ती लाकडी वल्ह्याने ढवळत होती. गुठळी दिसली की थांबायची, वल्ह्याच्या टोकाने फोडायची, मग पुढे. लापशी झाली तशी पिंपावर झाकण, झाकणावर पोती, आणि वाट बघणं.

‘‘आता काय?’’ तिने विचारलं.

‘‘आता काही नाही,’’ आनफिन म्हणाला. ‘‘सातू स्वतःच गोड होतो. तू कॉफी पी.’’

कॉफी ती उभ्यानेच प्यायली. पुन्हा पुन्हा पोत्याखाली हात घालून पिंप गरम आहे ना ते बघत होती.

मग खालची तोटी अगदी किंचित उघडली. बारीक धार. पहिला रस गढूळ आला, तो तिने परत वर ओतला. परत, परत. शेवटी धार स्वच्छ झाली, मधासारखी. आनफिनने डाव्या हाताने पळी पुढे केली, चाखलं. त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसली. तोरुनने ते बघितलं. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला. तिची ती दोन्ही रूपं एका क्षणात पाहिली आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रस हंड्यात उकळून उकळून तांबूस झाला. मग बादल्या बर्फात रोवून तो निववायचा, दूध काढल्याबरोबर असतं तितका कोमट होईपर्यंत. तिने कोपर बुडवून पाहिलं, बापाच्या कोपराला लावून पाहिलं, माझ्याही. मी माळ दिली. ती तिने पिंपातल्या रसात सोडली.

‘‘आता ओरड,’’ आनफिन म्हणाला.

आमच्याकडे विरजण सोडताना पिंपात तोंड घालून ओरडायचं असतं. जेवढी मोठी आरोळी तेवढी कडक बिअर. भुतंखेतंही पळतात म्हणे. तरुण मंडळी हसतात, पण ओरडतात सगळी.

‘‘बाबा, मी नाही ओरडत.’’

‘‘ब्रेक्केत ओरडल्याशिवाय बिअर होत नाही.’’

ती वाकली आणि ‘‘हूं’’ असं काहीतरी केलं.

‘‘ही काय आरोळी?’’ आनफिन म्हणाला. ‘‘आमची कोंबडी बरी.’’ मी हसले. तोही हसला, जड जिभेने. ‘‘अगं, उताराला कळू दे की ब्रेक्केत बिअर पडली!’’

तोरुनने पिंपाचा काठ दोन्ही हातांनी धरला. खांदे वर गेले. आणि ती ओरडली.

तसलं ओरडणं मी आधी ऐकलं नव्हतं. ते पोटातून निघालं आणि थांबेना. श्वास संपला, तिने परत घेतला आणि परत ओरडली. पिंप घुमलं. तिची बोटं काठावर पांढरी पडली होती. गोठ्यात मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. बाहेर, पार वर, मोन्सच्या अंगणातून उत्तरादाखल आनंदाची आरोळी आली, मग त्याच्यापलीकडून आणखी कोणाची तरी. सगळा उतार खूश झाला होता. काय ही आरोळी, काय कडक बिअर होणार!

ती सरळ उभी राहिली, तोंड पुसलं, आणि पिंपावर बापाचा जुना कातडी कोट अंथरला, कडेने नीट खोचून. ‘‘मेंढ्यांना बघून येते,’’ म्हणाली आणि गेली.

आनफिन हसत नव्हता. म्हणाला, ‘‘ब्रिता.’’

‘‘काय?’’

‘‘ती आरोळी बिअरसाठी नव्हती.’’

‘‘नव्हती.’’

‘‘मला वाटलं, हळूहळू रमेल. मीही रमलो होतो ना?’’

‘‘रमला होतास?’’ मी विचारलं.

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादं मांजर ठेवावं तसा.  

बिअर आमच्याकडे लवकर होते. दुसऱ्या दिवशी कोटाखालून फेस वर आला, पिंपाला कान लावला तर पावसाच्या पाण्यासारखा आवाज. तोरुन येता जाता कान लावायची. फेस बसला, तशी तिने बिअर तोटीतून छोट्या पिंपांत भरून तळघरात नेली. आणि हे भरण्याचं काम संपत येतं तेव्हा शेजारी येतात. बोलवत कोणी नाही. धुराड्याचा धूर बघून कधी यायचं ते सगळ्यांना कळतं.

चूलघरात बाकांवर आम्ही दाटीवाटीने बसलो. पातळ कडक भाकरी होती, वाळवलेलं मटण होतं. मोन्स मिशा पुसून तयारच बसला होता. रीत अशी, की घरातलं मोठं माणूस पहिला घोट घेतं आणि बोलतं. ते जे म्हणेल ते खरं. पाहुण्याने ‘चांगली आहे की’ असं म्हणायचं नसतं, ‘वाईट आहे’ असंही नाही. वाईट म्हटली तर पाहुणे कॉफी पितात, हवेबद्दल बोलतात, टोप्या घालतात आणि घरी जातात. नंतर कोणी विषय काढत नाही. फक्त ज्याने बिअर घातली त्याला उलट बोलायचा हक्क असतो.

तोरुनने रंगीत वाडगा भरून बापाच्या डाव्या हातात दिला. तिचा चेहरा फिकट पडला होता. मीही फिकट झाले असेन.

आनफिनने घोट घेतला. तोंडात फिरवला. डोळे मिटले. मी त्याला ओळखते, पन्नास वर्षं त्याची बिअर पितेय, त्याच्या बापाची पण प्यायलेय. ती चव लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला समोरून दिसलं, आणि मी मनात म्हटलं, संपलं.

त्याने डोळे उघडले आणि वाडगा बाकावर ठेवला.

‘‘आंबली,’’ तो म्हणाला.



‘‘आंबली आहे,’’ तो परत म्हणाला, जड जिभेने पण स्पष्ट. ‘‘ब्रेक्केला ही शोभत नाही. मोन्स, जमिनीचं नाताळनंतर बघू. तोरुन, कॉफी आण सगळ्यांना.’’

मला उठून त्या म्हाताऱ्याचं तोंड धरून पापा घ्यावासा वाटला. आयुष्यभर खोटं न बोललेला माणूस, आणि बोलला तर सगळ्या उतारासमोर, स्वतःच्या नावावर. त्याने दार उघडून धरलं होतं. तिने फक्त कॉफी आणायची होती. कॉफी आणायची, हवेबद्दल चार शब्द बोलायचे, आणि नव्या वर्षात जहाजावर चढायचं. मी तिच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी ओरडले, गप्प बस, पोरी, गप्प बस.

तोरुन किटलीपर्यंत गेली. किटलीला हात लावला. तिची मान लाल झाली.

‘‘आंबली?’’ ती म्हणाली.

‘‘तोरुन, कॉफी,’’ आनफिन म्हणाला.

‘‘कशी आंबेल?’’ ती वळली. ‘‘पिंप मी चारदा धुतलं. गढूळ रस परत वर घातला. कोमट झाल्याशिवाय विरजण सोडलं नाही, तुझ्या कोपराला लावून बघितलं. कुठे आंबली?’’

‘‘मी म्हणतो ना.’’

‘‘तोरुन,’’ मी म्हटलं. बोलायची रीत नव्हती, तरी म्हटलं.

तिने बाकावरचा वाडगा उचलला आणि प्यायली. मोठा घोट. आम्ही सगळे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर राग होता, मग तो गेला, आणि तिथे आलं ते समाधान. स्वतःचं काम नीट झालेलं कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं ते.

‘‘मला काय हवं ते बोल, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘पण ही बिअर वाईट म्हणू नकोस. हिच्यात काहीही चुकलेलं नाही.’’ आणि तिने वाडगा मोन्सच्या हातात दिला.

मोन्सला कळायला हवं होतं. त्याच्या हाताशी आलेली जमीन जात होती. पण बिअर समोर आली की मोन्सला जमीन दिसत नाही. तो प्यायला, थांबला, परत प्यायला, आणि मिशांवरून फेस ओघळत असतानाच उभा राहिला. मान द्यायला वाडगा उंचावतात तसा वर धरला. आनफिनकडे बघितलंच नाही, तोरुनकडे बघत गरजला, ‘‘स्कोल, ब्रेक्के!’’

सगळे उठले. ‘‘स्कोल, ब्रेक्के! स्कोल!’’ भांडी वर गेली, कोणीतरी बाक ठोकला. मी बसून राहिले. तोरुन त्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती आणि तिच्या आता लक्षात येत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. मोन्सने रिकामा वाडगा तिच्यापुढे केला.

‘‘ब्रेक्के, आणखी आहे ना गं?’’

‘‘आहे,’’ ती म्हणाली आणि भरायला गेली.

पाहुणे गेल्यावर मी भांडी धुवायला थांबले. दोघं चुलीपाशी होती. ती जमिनीवर बसली होती, बापाच्या खुर्चीला टेकून, आणि तो डाव्या हाताने तिचे केस मागे सारत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं.

‘‘उद्या कंपनीला फोन करते,’’ ती म्हणाली. ‘‘जागा दुसऱ्या कोणाला द्यायला सांगते.’’

‘‘हं.’’

‘‘बाबा.’’

‘‘काय?’’

‘‘चांगली झाली होती ना पण?’’



‘‘तुझ्या आईची शपथ,’’ तो म्हणाला, ‘‘इतकी चांगली मला कधी जमली नाही.’’

तिने चेहरा त्याच्या गोधडीत लपवला, आणि मी नळ सोडला, म्हणजे तिचं रडणं मला ऐकू येऊ नये.